एक किलोचा ट्रिगर

पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत पहिली परीक्षा नेमबाजाची नसतेच, पिस्तुलाची असते. एका टेबलामागे दोन-तीन पंच बसलेले असतात. पिस्तूल रिकामं आहे ना, हे ते आधी बघतात. मग बॅरल छताकडे सरळ उभी धरायची आणि ट्रिगरला एक आकडा लावायचा. आकड्याखाली बरोबर 1000 ग्रॅमचं वजन. आता पिस्तूल सावकाश वर घ्यायचं. वजन टेबल सोडून हवेत आलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. अध्येमध्ये ‘टक्’ ऐकू आलं, तर नापास. तीनदा प्रयत्न करता येतो.

त्या काही सेकंदांत रांगेतल्या माणसांची तोंडं बघण्यालायक असतात. ज्यांच्या नावावर राष्ट्रीय पदकं आहेत, ते छताच्या पंख्याचं निरीक्षण करत असतात. सोबत आलेल्या आया डोळे मिटून ओठ हलवतात. मारुतीला नेमकं किती तेल कबूल होतंय ते काही ऐकू येत नाही. पंच मात्र जांभई आवरत पुढचं पिस्तूल हातात घेतो.

हा एक किलो 25 मीटर पिस्तूल प्रकारातला. म्हणजे पॉइंट टू-टू बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, एका वेळी पाच गोळ्या भरून मारायचं. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचं निम्म्यावर भागतं, 500 ग्रॅम. आता हा नियम किमान वजनाचा आहे, कमाल वजनाचा नाही. दीड किलो ठेवा, दोन किलो ठेवा, आंतरराष्ट्रीय महासंघाची काडीची हरकत नाही. पण ‘सर, माझा ट्रिगर जरा जड करून द्या’ असं म्हणत आलेला मनुष्य मला अजून भेटायचाय. किमान म्हटलं की आपल्याला नेमका तिथंच मुक्काम ठोकावासा वाटतो.

एकेकाळी हे किमानही नव्हतं. ऑलिंपिकमधला 25 मीटर रॅपिड फायरचा ट्रिगर 2005च्या नियमबदलापर्यंत हवा तितका हलका ठेवता यायचा. पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलावर तर 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो प्रकार शेवटचा खेळला गेला तेव्हाही बंधन नव्हतं. ते पिस्तूल एका वेळी एकच गोळी घ्यायचं आणि त्याचा ट्रिगर मोजक्या ग्रॅमांवर लावलेला असायचा. त्यावर बोट ठेवायचं नसतं, मनात आणलं तरी पुरे, असं जुने लोक सांगतात. रॅपिड फायरला एक किलोचा नियम लागला तेव्हा आता खेळ बुडाला असं म्हणणारे निघालेच असणार. पुढं 2012 साली लंडनला आपल्या विजय कुमारने त्याच एक किलोवर, चार सेकंदांत पाच लक्ष्यं टिपत, रौप्यपदक आणलं.

पण पदकवाल्यांचं राहू द्या. रोजच्या रेंजवरची गोष्ट वेगळी आहे. तिथं ट्रिगर हा पिस्तुलाचा भाग कमी आणि तक्रारपेटी जास्त आहे.

उजव्या हाताने मारणाऱ्याने ट्रिगर दाबण्याऐवजी हिसडला, की गोळी हमखास खाली डावीकडे जाते. रेंजवर जागा घड्याळाच्या काट्यावर सांगतात, त्या हिशेबाने सात वाजता. हे इतकं जुनं आणि इतकं पक्कं ज्ञान आहे की टार्गेटवर सात वाजता भोकांचा पुंजका दिसला, तर कोच मुलाकडे वळूनही बघत नाही. ‘बोट,’ एवढंच म्हणतो आणि पुढच्या लेनकडे जातो. मुलगा त्याच्या मागे मागे.

‘सर, ट्रिगर जड लागतोय.’

‘कधीपासून?’

‘आजपासूनच. काल ठीक होता.’

‘काल किती मारलेस?’

‘ब्याण्णव.’

‘आणि आज?’

‘चौऱ्याऐंशी.’

‘म्हणजे रात्रीतून अंगाला लागलं त्याच्या.’

‘थंडी पडलीय ना, सर.’

यावर कोच गप्प बसतो, कारण पोरगं अगदीच खोटं बोलत नसतं. थंडीत वंगण घट्ट होतं. पॉइंट टू-टूच्या गोळीवरचं मेण आणि जळलेल्या दारूची काजळी आत साठत जाते, आणि ट्रिगरचं वजन खरंच थोडंफार बदलू शकतं. नेमबाजाची सबब ही अशी असते, तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. क्रिकेटवाल्याला बिचाऱ्याला खेळपट्टी आणि उन्हाची तिरीप एवढ्यावरच भागवावं लागतं.

आता हा ट्रिगर ‘लावायचा’ म्हणजे काय करायचं? पिस्तुलाच्या मागच्या अंगाला हॅमर असतो. हॅमरला एक खाच असते. त्या खाचेत सिअर नावाचा पोलादी तुकडा अडकून हॅमरला मागे रोखून धरतो. ट्रिगर ओढला की सिअर खाचेतून सरकतो आणि हॅमर सुटतो. सगळं महाभारत या सरकण्याचं, आणि ते अंतर मिलिमीटरच्याही अंशांत मोजायचं. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. आधी बोट भार घेत घेत थोडं मागे जातं, मग अडतं. तिथं उरलेला थोडा भार दिला की काम होतं. पहिल्या टप्प्यात भार किती, दुसऱ्यात किती, गोळी सुटल्यावर ट्रिगर आणखी किती मागे जावा, त्याचं पातं बोटाच्या पेरापासून किती लांब असावं, या प्रत्येकासाठी एकेक चिमुकला स्क्रू. इटलीची पार्डिनी घ्या, जर्मनीची वॉल्थर घ्या, नाहीतर स्वित्झर्लंडची मोरिनी. पिस्तुलाबरोबर पुस्तिका येते, पुस्तिकेत आकृती, आकृतीत बाण आणि बाणांना आकडे. ही पुस्तिका पिस्तूल घरी आल्या दिवशी एकदा उलगडली जाते. नंतर ती गवसत नाही.

या नाजूकपणाला कारण आहे. 25 मीटरच्या दुसऱ्या भागात हात 45 अंशांवर खाली धरून उभं राहायचं. लक्ष्य तीन सेकंद मिळतं. तेवढ्यात हात वर, नेम आणि गोळी. मग सात सेकंद थांबायचं, की पुन्हा तेच. पहिला टप्पा हात वर येता येताच संपवायचा असतो, त्यामुळे दुसरा टप्पा कुठं लागणार हे बोटाला न विचारता कळलं पाहिजे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात, तारेखालचा दोरा केसभर सरकवला की आवाज खुलतो नाहीतर बसतो, त्या जातीचं हे काम आहे. फरक एवढाच, की जवारी बिघडली तर श्रोते उठून जातात. ट्रिगर बिघडला तर श्रोत्यांना आडवं पडावं लागतं.

आणि अशा कामाला आपल्याकडे माणसांचा तुटवडा कधीच नसतो.

प्रत्येक रेंजवर बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात. नेमबाजी त्यांनी पन्नाशीनंतर सुरू केलेली असते आणि स्कोअर विचारायचा नसतो. पण हत्यारांची पेटी बघून घ्यावी. एलन-कीचे दोन संच, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा. घड्याळजीचं भिंग. जुना टूथब्रश. स्प्रिंगचा ताणकाटा. आणि लाल नेलपॉलिशची बाटली. लावलेला स्क्रू हादऱ्यांनी आपोआप फिरू नये म्हणून त्याच्या डोक्यावर थेंबभर नेलपॉलिश लावतात. ही युक्ती खरी आणि जुनी आहे. बाटली घरून कशी आली, हा प्रश्न काकूंचा.

‘काय रे, ट्रिगर जड? दे इकडं. पाव वळसा फक्त.’

‘पाव वळसा’ हे या व्यवसायातलं सर्वांत धोकादायक माप आहे. पाव वळशाने काही होत नाही अशी सगळ्यांची समजूत असते, आणि पाव वळशाने सगळं ठीक होईल अशीही. शिवाय तो कुठल्या बाजूला द्यायचा यावर एकमत नाही. काका म्हणतात डावीकडे. शेजारच्या लेनवरचा पोलीस दलातला गडी म्हणतो उजवीकडे, आमच्या खात्याच्या पिस्तुलाला असंच करतात. खात्याच्या पिस्तुलाला बाहेरून पिळायला असा स्क्रूच नसतो, पण खात्याला कोण बोलणार. एखाद्या मुलीचे वडील मोबाइलवर व्हिडिओ काढतात. त्यातला अमेरिकन माणूस दुसऱ्याच पिस्तुलाचा दुसराच स्क्रू फिरवत असतो, आणि तरीही चौघं माना डोलावत पुढं वाकून बघतात.

मग स्क्रू पडतो. तो पडतोच. दोन-तीन मिलिमीटरचा काळा स्क्रू, रेंजची काळी चटई. कोच ‘फायरिंग बंद’ म्हणतो, पिस्तुलं खाली ठेवली जातात, आणि राज्य पातळीवरचे नेमबाज, त्यांचे पालक, चहा घेऊन आलेला पोरगा, सगळे गुडघ्यांवर. कुणीतरी लोहचुंबक आणतं. लोहचुंबकाला इतर चार हंगामांतले तीन स्क्रू लागतात. हवा तो स्क्रू शेवटी काकांच्या पँटच्या घडीत सापडतो, आणि ‘माझ्याच लक्षात आलं’ असं काका पुढं महिनाभर सांगतात.

हसू येण्यासारखं एवढंच. यापुढचा भाग यंत्राचा आहे आणि यंत्राला विनोद कळत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटली की स्लाइड किंवा बोल्ट, ज्या पिस्तुलात जे असेल ते, जोरात मागे जातं. रिकामी केस बाहेर फेकतं, हॅमर पुन्हा मागे रेटतं, आणि पुढं येताना मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलत आपटून बंद होतं. हे सगळं पापणी लवायच्या आत. आता ट्रिगर लुसलुशीत व्हावा म्हणून खाचेतली सिअरची पकड कुणी फार कमी केली असेल, तर त्या आपटण्यानेच हॅमर निसटू शकतो. म्हणजे बोटाला न विचारता दुसरी गोळी. तीही अशा क्षणी, की पहिल्या गोळीच्या धक्क्याने पिस्तुलाचं तोंड वर उचललेलं असतं. एका दाबाला एकच गोळी सुटावी म्हणून आत डिस्कनेक्टर नावाचा भाग असतो, पण त्याचा भरवसा सिअरने आपली पकड धरली तरच. उलट टोकाची गंमतही होते. ट्रिगरला मागे अडवणारा स्क्रू जास्त आत पिळला, तर सिअर पुरता सुटतच नाही. ऐन तीन सेकंदांत तुम्ही ओढताय, ओढताय, आणि काही होत नाही. त्यातही वाईट म्हणजे कधी सुटतो, कधी नाही.

म्हणून हे काम काकांचं नाही, आर्मररचं आहे. कायद्यालाही तेच वाटतं; शस्त्रदुरुस्तीचा धंदा करायला 1959च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. एक आर्मरर मी बराच वेळ काम करताना बघितले. साठीचे, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं कमी. पिस्तूल हातात आल्यावर पहिलं काम मॅगझीन काढून बाजूला. मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये बघितलं. मग उजेडाकडे तिरकं करून पुन्हा बघितलं. मग करंगळीचं टोक आत घालून चाचपलं. मुलगा म्हणाला, ‘सर, रिकामंच आहे, मी बघितलंय.’

‘हो का,’ असं म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा बघितलं.

नंतर विचारलं, ‘गोळ्या कुठंत?’

‘बॅगेत.’

‘बॅग बाहेर ठेवून ये.’

‘पण सर, चेन लावलेली—’

‘बाहेर.’

बॅग बाहेर गेली. चेंबरमध्ये केशरी रंगाची सेफ्टी दोरी आली, पिस्तुलाचं तोंड वाळूच्या पोत्याकडे झालं आणि मगच चष्मा नाकावर आला. त्यांच्याकडे पुस्तिका होती! झेरॉक्स केलेली, प्लास्टिकमध्ये घातलेली. स्क्रूची आधीची जागा त्यांनी बारीक पेनने खूण करून ठेवली. मग एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव वळशाच्या पावाने. प्रत्येक वेळी दोरी काढून, पुन्हा चेंबर बघून, वजन लावून बघायचं. स्प्रिंगच्या ताणकाट्यावर त्यांचा विश्वास नाही. स्पर्धेत वापरतात तसलं 1000 ग्रॅमचं वजनच त्यांनी ठेवलंय. रिकाम्या चेंबरवर नुसता ट्रिगर ओढून बघायचा तोही पिस्तुलातली ड्राय फायरची सोय वापरून, कारण पॉइंट टू-टूची फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटली तर दोघांचंही नुकसान.

वजन जमल्यावर मला वाटलं झालं. झालं कुठलं. त्यांनी रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड मागे ओढून सोडून दिली, खाडकन बंद होऊ दिली. हॅमर मागेच राहिला. पुन्हा सोडली. पुन्हा राहिला. ट्रिगर दाबून धरून सोडली. तरी राहिला. असं ते इतका वेळ करत बसले की मुलाने घड्याळात बघितलं. मग सगळे रेंजवर. मॅगझीनमध्ये एकच गोळी. मारली. मग दोन. दोन गोळ्यांना दोनदा ट्रिगर ओढावा लागला, तेव्हा कुठं पाच भरायची परवानगी. आधी पाचही भरून ‘बघू काय होतं’ असं करणाऱ्याला काय होतं ते एकदाच कळतं.

मुलगा खूश. ‘सर, एकदम मस्त झालाय आता.’

आर्मररनी खणातून एक वही काढली. त्यात प्रत्येक पिस्तुलाचा नंबर, तारीख, कुठला स्क्रू, कुठल्या बाजूला, किती. मुलाचं पान उघडून त्यांनी ते त्याच्या पुढं सरकवलं. फेब्रुवारीत आत, मेमध्ये बाहेर, जुलैत आत, राज्य स्पर्धेच्या आधी बाहेर. बेरीज-वजाबाकी केली तर आजच्या कामानंतर स्क्रू बरोबर तिथं पोचला होता, जिथं तो इटलीतून निघाला होता.

मुलाने वही दोनदा वाचली आणि विचारलं, ‘मग सर, बोट?’

‘ते माझ्याकडे दुरुस्त होत नाही,’ म्हणत त्यांनी वही खणात टाकली.

मला यात खोट एकच दिसते. आपण यंत्र बदलायला जितके उत्सुक असतो तितके स्वतःला बदलायला नसतो, आणि नेमबाजीत नेमकं उलटं करून जिंकलेली माणसं आहेत. हंगेरीच्या लष्करातला कारोय टाकाच घ्या. 1938 साली सरावात त्याच्या उजव्या हातात ग्रेनेड फुटला. ज्या हाताने तो मारायचा, तोच निकामी. त्याने डाव्या हाताने नव्याने सुरुवात केली आणि 1948च्या लंडन आणि 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरचं सुवर्ण जिंकलं. आपण स्क्रू आत की बाहेर यावर तासभर वाद घालतो. त्या गृहस्थाने अख्खा हात बदलला.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2013 साली कोरियात चांगवॉनच्या विश्वचषकात याच 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. मग कोपराच्या दुखापतीने ती बाजूला पडली. परत उभी राहिली आणि 2018च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये सुवर्ण घेऊन आली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. त्या वेळी तिचा ट्रिगर थायलंडवालीपेक्षा हलका नव्हता. किमान दोघींना तेच.

पिस्तुलाची खरोखर चूक असते असेही दिवस येतात, हे मान्य करायला हवं. 2021 साली तोक्योत मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, आणि ती बाराव्या क्रमांकावर राहून अंतिम फेरीला मुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने त्याच प्रकारात वैयक्तिक कांस्य मिळवलं आणि सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक कांस्यही. पिस्तूल बिघडतं ते असं. ते दर मंगळवारी बिघडत नाही.

तेव्हा घरात नेमबाज असेल आणि तो जेवणाच्या टेबलावर पिस्तूल ठेवून बारीक एलन-की शोधत असेल, तर पालकांनो, किल्ली लपवा. त्याला आधी विचारा की मॅगझीन कुठं आहे, गोळ्या कुठं आहेत, आणि पुस्तिका कुठं आहे. तिन्ही उत्तरं लगेच आली तरी टेबल मोकळं करायला लावा आणि पिस्तूल परवाना असलेल्या आर्मररकडे पाठवा. काम द्यायला जाल तेव्हा ‘अगदी हजारवर आणून ठेवा’ असं चुकूनही सांगू नका. स्पर्धा संपल्यावरही पंच कुणाचंही पिस्तूल तपासायला बोलावतात, आणि तिथं वजन उचललं गेलं नाही तर मारलेला स्कोअर कितीही असो, खेळाडू बाद होतो. 1030 सांगा. वरच्या तीस ग्रॅमने कुणाचंही पदक गेलेलं मी पाहिलेलं नाही.